रोजचं नको, कालचं सांगा

कोणी "कसं काय चाललंय?" म्हणून विचारलं, की मला मंद्रूपकर अण्णा आठवतात आणि तोंडाशी आलेलं उत्तर तिथंच अडतं. "चाललंय, रोजचंच" असं सगळं जग म्हणतं. मीही म्हणत होते. पण त्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि तेवढं साधं बोलायची सोय राहिली नाही. आता माझे गुडघे गेले, डोळे चालले. भाची संध्याकाळी डोकावते आणि "आत्या, दिवस कसा गेला?" विचारते. कसा गेला म्हणजे काय, कर्म माझं! पहिल्यापासून सांगायला बसले तर तिला वेळ नसतो.

त्या काळी सोलापुरात घड्याळ थोड्यांच्या घरी, पण भोंगा सगळ्यांचा. गिरणीचा पहिला भोंगा माणसाला उठवायचा, दुसरा घराबाहेर काढायचा आणि तिसऱ्याला फाटक बंद. कामकरी लोकांचा दिवस कसा जातो, ते कामाला किती चालत जातात, मिळवलेलं कुठं खर्चतात, याची घरोघर पाहणी करायचं पुण्याच्या एका साहेबांनी काढलं. प्रश्नांचा तक्ता तयार करायला आणि आम्हां फिरणाऱ्यांना शिकवायला त्यांनी मंद्रूपकरांना नेमलं. बायकांशी बोलायला बाई पाहिजे म्हणून मला घेतलं. मी लहानपणीच विधवा झालेली, मराठी सातवी पास, भावाच्या आश्रयाला. चार पैसे हातात येतील आणि दिवसभर वहिनीच्या नजरेआड राहता येईल, एवढाच माझा त्या पाहणीतला रस होता. उगाच मोठेपणा कशाला सांगू?

कचेरी म्हणजे भवानी पेठेत सुताच्या दुकानावरची एक खोली. त्या खोलीतच अण्णा राहायचेही. पहिल्या दिवशी गेले तर हा काटकुळा माणूस जमिनीवर बसून कागदावर रेघा आखत होता. डोक्यावर काळी टोपी, कोटाला वरचं बटण नाही, गळ्यात दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. नाव, गाव, शिक्षण काहीच विचारलं नाही.

"बसा. काल काय केलंत?"

मी सांगितलं, सकाळी उठले, देवपूजा केली, स्वयंपाकाला हात लावला, दुपारी शिवण, मग तासभर वाचन.

"हे कालचं?"

"हो. म्हणजे रोजचंच."

"रोजचं नको, कालचं सांगा. काल वाचलंत ते पान कुठलं?"

झाली का पंचाईत! काल मी वाचलंच नव्हतं. वहिनी काहीबाही लागेलसं बोलली होती आणि मी मागच्या दारी तासभर नुसती बसून होते. खोटं बोलायचं तर तो माणूस पेन्सिल उचलून वाट बघत बसलेला. शेवटी सांगितलं. त्यांनी न हसता लिहून घेतलं, 'मागच्या दारी बसणे, एक तास'. मला तर भुईत शिरावंसं वाटलं.

"लाजता कशाला? रोजचं विचारलं की माणूस जसं असायला पाहिजे तसं सांगतं," अण्णा म्हणाले. "त्यात त्याची लबाडी नसते. त्यालाही तसंच वाटत असतं. कालचं विचारा म्हणजे अडखळतं. अडखळलं की खरं यायला लागतं बघा."

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. तक्त्यात 'काही नाही' हे शब्द लिहायचे नाहीत. बायकांना काय करता म्हणून विचारलं की दहातल्या नऊ म्हणायच्या, काही नाही. तसं लिहून आणलेला कागद अण्णा मुकाट्याने परत करायचे. रागवायचे नाहीत, पण त्या उन्हात परत ते घर गाठायचं म्हणजे रागावण्यापेक्षा वाईट. पुण्याच्या साहेबांनी तक्त्यात तासांचे रकाने आखून पाठवले होते. ते अण्णांनी खोडले आणि भोंग्यांचे केले. पहिल्या भोंग्याआधी, पहिला ते दुसरा, दुसरा ते तिसरा, असे. "ज्याच्या घरात घड्याळ नाही त्याला सात वाजता काय केलंस म्हणून विचारायचं म्हणजे चेष्टा झाली की," म्हणाले. साहेबांची चार खरमरीत पत्रं आली. अण्णांनी चारही नीट घडी करून टोपीच्या खुंटीवर लावली आणि भोंगे तसेच ठेवले.

प्रश्न कोणाला विचारायचा, यावर त्यांची मतं ठाम होती. तंबाखूचा खर्च नवऱ्याला विचारू नका, बायकोला विचारा. पाण्याला किती वेळ लागतो ते नवऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, नळ काय, हाकेवर तर आहे. आणि ते खरंच तसं म्हणायचे हो!

स्वतःच्या जिवाला मात्र या माणसाने कधी सुख लागू दिलं नाही. शहराबाहेरच्या बाळे गावाहून मारुती नावाचा एक गडी रोज गिरणीत चालत यायचा. किती वेळ लागतो म्हटलं तर "थोडा" म्हणायचा. थोड्याचा रकाना नव्हता. म्हणून अण्णा पहाटे बाळ्याला जाऊन त्याच्या मागोमाग चालायला लागले. काळा कोट घातलेला माणूस मागे लागलाय म्हटल्यावर मारुतीला वाटलं, पोलीस. तो जो सुटला तो गिरणीच्या फाटकातच थांबला. अण्णा धापा टाकत आले आणि वहीत वेळ लिहून लगेच खोडली. "मी मागं होतो म्हणून पळाला. आकडा खोटा." दुसऱ्या दिवशी आधी ओळख सांगून बरोबर चालले, तर "सायेबांच्या म्होरं कसं चालायचं" म्हणून मारुती इतका हळू चालला, की फाटक बंद झालं आणि त्याचा खाडा पडला. तिसऱ्या दिवशी अण्णा त्याच्या घरी गेले, त्याच्या आईच्या पाया पडले, खाडा भरून दिला आणि आम्हाला येऊन म्हणाले, "आपण बघायला गेलो की दिवस बदलतो. तक्त्यात याला जागा कुठं ठेवू, सांगा." आमचे पाय दुखत होते. मी पाणी प्यायला उठले.

नरसम्मा भेटली ती तक्त्याच्या चाचणीत. चाचणी म्हणजे तक्ता नक्की करण्याआधी चार घरी विचारून बघायचं. ते कागद पुढे हिशेबात धरायचे नाहीत. भवानी पेठेतल्या एका बोळात सगळी हातमागवाल्या तेलुगू लोकांची घरं. नरसम्मा तिथली. नवरा आत मागावर आणि ही दाराशी रहाटावर त्याच्यासाठी कांड्या भरत बसलेली. आता कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची नळी, ती भरून दिली नाही तर माग उभा राहतो. मी विचारलं, बाई, काम काय करता? तिने रहाट न थांबवता सांगितलं, "एमी लेदु. काही न्हाई की. घरातच असतो."

मी लिहायला लागले तर उंबऱ्याबाहेर बसलेले अण्णा आत ऐकू येईल असं खाकरले. मग तेच बोलले. "नरसम्मा, हात काय करतायत?"

ती हाताकडे बघून हसली. "ह्ये? ह्ये काम व्हय? ह्ये तर कांड्या."

त्या दिवशी तिच्या एका 'काही नाही'तून तक्त्याची दीड पानं भरली. सगळ्यात मोठा रकाना निघाला पाण्याचा. पहिल्या भोंग्याच्या कितीतरी आधी घागर घेऊन नळावर जायचं, दुसरा भोंगा झाला तरी नंबर आलेला नसायचा. नुसती घागर ठेवून यावं तर बाकीच्या ती मागे सरकवतात, म्हणून माणूसच उभं राहायला पाहिजे. तेवढा वेळ कांड्या भरायच्या राहतात, मग नवरा मागावरून ओरडतो. तिची घागर तिथंच दाराशी होती. काठाला पोचा आलेला आणि गळ्याला ओळखीसाठी तांबड्या सुताचा वेढा बांधलेला.

पेठेत आणखी एक नळ बसायचा होता. तो कुठल्या बोळात बसवायचा, हे पाणी बघणाऱ्या कमिटीने आमच्या पाहणीतल्या पाण्याच्या रकान्यावरून ठरवायचं कबूल केलं होतं. अण्णांच्याच खटपटीने. नरसम्माला हे कुठून तरी कळलेलं होतं.

"एवढं लिहून नळ येतो का अण्णा?" तिने विचारलं.

कोणालाही कसलंही वचन द्यायचं नाही, हा त्यांचाच तिसरा नियम. मी त्यांच्याकडे बघितलं. ते तांबड्या सुताकडे बघत होते.

"येईल," म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी पुढच्या घराची कडी वाजवली.

खऱ्या पाहणीचा दिवस त्यांनी फार निगुतीने काढला. रविवार नको, बाजाराचा मंगळवार नको, पगाराचा आठवडा नको. बुधवार सगळ्यांत साधा. तेव्हा गुरुवारी जायचं आणि काल, म्हणजे बुधवारी, काय केलंत ते विचारायचं. कचेरीत भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर होतं, त्यावर त्यांनी गुरुवारला पेन्सिलीने गोल केला. त्या गुरुवारी तो बोळ माझ्या एकटीच्या वाट्याला आला. ऊन मी म्हणत होतं. माझी नवी छत्री होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा उघडली.

काम त्या दिवशी भराभर झालं. काल माग? बंद. कांड्या? न्हाई की. पाण्याला कधी गेलात? न्हाई गेलो, बाप्यांनी आणलं. घरामागून घर असंच. मला काय, बरंच वाटलं. पाय भाजत होते, घसा सुकला होता, आणि बोळ लवकर संपत होता. पाण्याच्या रकान्यात मी लिहीत गेले, 'काही नाही'. नरसम्माच्या घरीसुद्धा. तिने तेल लावून केस विंचरले होते, बसायला पाट दिला, आणि मला एकदाही वाटलं नाही, की बाई गं, हिचा रहाट काल दिवसभर बंद का?

तेवढ्यात अण्णांना हिवताप आला. कमिटीची घाई होती. बेरजा मीच केल्या. अंथरुणात उठवून बसवून सही घेतली. अंगाचे चटके बसत होते इतका ताप. म्हणाले, "तुम्ही बघितलंय ना बाई? मग झालं."

बरे झाल्यावर मूळ कागद चाळताना ते एकाएकी थांबले. चाचणीत नरसम्मा दोन भोंगे नळावर उभी होती आणि आता 'काही नाही'? आणि अख्ख्या बोळात एकाही घरात कांडी भरलेली नाही? त्यांनी मला विचारलं नाही. खाली जाऊन सुताच्या दुकानदाराकडून पंचांग मागून आणलं, उभ्यानेच पान काढलं आणि भिंतीला टेकले.

"अय्यो," म्हणाले. "अमावस्या."

हातमागवाले अमावस्येला माग चालवत नाहीत. मागाची पूजा करतात, न्हातात, देवळात जातात. बाप्ये मोकळे, म्हणून पाणी त्या दिवशी बाप्यांनी भरलं. गिरणीचा भोंगा अमावस्या ओळखत नाही, आणि अण्णांचा सगळा तक्ता भोंग्यावर उभा. इंग्रजी कॅलेंडरात तिथी नाही. बोळातल्या बायकांनी सांगितलं नाही, कारण जे सगळ्या गावाला ठाऊक ते कोणी कशाला सांगेल? आणि मला ठाऊक होतं. बुधवारी ती नवी छत्री घेऊन निघाले तेव्हा वहिनीने दारातच अडवलं होतं, "अमावस्येला नवं काढू नये, उद्या काढ." ती छत्री कोपऱ्यात उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

'काही नाही' माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पानोपानी. अण्णांनी ती पानं माझ्यासमोर उलटली, पुन्हा नीट लावली, आणि त्याबद्दल त्या दिवशी, नंतर, कधीही एक अक्षर काढलं नाही. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. तेही त्यांनी होऊ दिलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मग सुरू झाले हेलपाटे. पुण्याला लिहिलं, तर उत्तर आलं, मजकूर छापायला गेला. मग अण्णा कमिटीकडे गेले. मी बरोबर होते. तिथले गृहस्थ काही वाईट नव्हते, पंख्याखाली घामाघूम बसले होते बिचारे. म्हणाले, "मंद्रूपकर, आकडे तुमचेच. आता तुम्हीच खोटे म्हणता. उद्या नवे आणाल, ते खरे कशावरून?"

अण्णा म्हणाले, "चूक माझी आहे. दिवस मी काढला."

"ते खरं हो. पण नळ दुसऱ्या बोळात ठरला."

आम्ही दोघांनी साध्या दिवशी तो बोळ पुन्हा विचारला. पदरमोड करून. कागद देऊन आलो. 'पुढील पाहणीचे वेळी विचार होईल' अशी चिठी आली. ती पाचवी घडी टोपीच्या खुंटीवर गेली. त्यानंतर अण्णा बोलताना मधेच थांबायला लागले, काय सांगत होतो ते विसरायचे. एका महिन्यात दहा वर्षांनी थकले म्हणा ना.

नरसम्माला सांगायला ते स्वतः गेले. मी म्हटलं, नका जाऊ, कळेल तिला. ऐकतील तर शपथ.

"नळ दुसऱ्या बोळात चाललाय नरसम्मा."

रहाट चालूच. "का वो?"

"त्या दिवशी विचारलं तेव्हा आदल्या दिवशी अमावस्या होती. तुम्ही पाण्याला गेला नव्हता. तेच लिहिलं गेलं."

"मग, अमावस्या की. तुमाला ठाऊक न्हवतं?"

"ठाऊक होतं. ध्यानात नाही आलं."

तिने कांडी काढली, दुसरी लावली. "सगळं विचारला की तुमी," ती म्हणाली. "डोक्याला तेल कदी लावलं ते बी विचारला ह्या बाईनं. काल काय व्हतं, येवढं एक विचारायचं की."

भांडली नाही, आदळआपट नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "चा घेता का?" आम्ही घेतला नाही. अण्णा उठताना दाराची चौकट धरून उठले.

पाहणी संपली, कचेरी बंद झाली. अण्णा त्याच खोलीत राहिले, लोकांचे अर्जबिर्ज लिहून देत. बाकी त्यांचं कोणी नव्हतं. बायको फार पूर्वी गेलेली, गावाकडे मंद्रूपला भाऊबंद, पण येणं-जाणं नाही. मला पुण्याला तसलंच काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना संध्याकाळी भेटायला गेले तर खोलीला आतून कडी. सुताचा दुकानदार म्हणाला, "अण्णा आजकाल लौकर झोपतात, लौकर उठतात. पहाटे या." पहाटे कशी येऊ? पहाटे माझी गाडी.

सकाळी अंधुक होतं तेव्हा बशीरभाईंचा टांगा घेऊन स्टेशनाकडे निघाले. वाट भवानी पेठेतूनच. पहिला भोंगा व्हायचा होता. नळाशी बायकांची रांग लागलेली, आणि त्या लुगड्यांच्या रांगेत मधोमध एक काळी टोपी. मी म्हटलं, बशीरभाई, थांबवा, थांबवा.

अण्णाच ते. कोटाचं बटण अजून नव्हतंच. पायाशी पोचा आलेली घागर, गळ्याला तांबडं सूत.

"अण्णा!" मी टांग्यातून हाक मारली. "मी निघाले पुण्याला!"

त्यांनी बघितलं. ओळखलं, चेहरा फुलला. एक पाऊल पुढे टाकलं आणि घागरीकडे बघून मागे घेतलं.

"येता येत नाही बाई," ते तिथूनच म्हणाले. "नंबर जाईल."

पुढची बाई हसली. "रोज येतात की," ती मला म्हणाली. "नरसम्मा घरी कांड्या भरती, ह्ये नंबर धरतात. पाळी आली की तिला हाक मारतात. अण्णा, हलू नका बरं, न्हाईतर नरसम्मा मारती तुमाला!" सगळी रांग हसली. अण्णाही हसले.

मला उतरायचं होतं. उतरून काय करणार होते देव जाणे, पाया पडणार होते, की ती पानं माझी होती हे एकदाचं मोठ्याने बोलणार होते. पण बशीरभाई म्हणाले, "बाईसाब, गाडी छूट जाती," आणि लगाम ओढला.

"पोचल्यावर लिहा," अण्णा ओरडले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "रोजचं नको. कालचं लिहा!"

मी मान डोलावली. तेवढ्यात रांग पुढे सरकली. अण्णा गुडघ्यावर हात टेकून वाकले, घागर दोन्ही हातांनी उचलली, एक पाऊल पुढे ठेवली आणि तिच्याशेजारी सरळ उभे राहिले. टांगा वळेपर्यंत मला ती टोपी दिसत होती.

पुण्याहून मी त्यांना तीन पत्रं लिहिली. मी खुशाल आहे, काम चालू आहे, प्रकृतीला जपावे. तिन्ही पत्रांत हेच लिहिलं.